सव्वा कोटीच्या आतबाहेरचा मायक्रोएलईडी: चित्र अजोड, बाजार दूर

सॅमसंगने ऑगस्ट २०२३ मध्ये भारतात आणलेला ११० इंची मायक्रोएलईडी टीव्ही मी एका दालनात तासभर पाहिला. भारतात येतानाची त्याची किंमत १,१४,९९,००० रुपये होती, त्यामुळे मी खरेदीला गेलो नव्हतो हे वेगळे सांगायला नको. हे तंत्र सामान्य दिवाणखान्यापर्यंत कधी पोहोचेल, एवढेच मला अजमावायचे होते.

चित्राबद्दल तक्रारीला जागा नाही. यात मागून उजेड टाकणारा दिवा नसतो. चित्राच्या प्रत्येक ठिपक्यातले (पिक्सेलमधले) लाल, हिरवा आणि निळा हे तीन सूक्ष्म दिवे स्वतःच उजळतात आणि स्वतःच विझतात. साध्या एलईडी टीव्हीवर चांदणीभोवती जी धुरकट प्रभा दिसते, तिचा येथे मागमूस नव्हता, आणि दालन झगझगीत उजळलेले असूनही काळा रंग करडा पडला नाही. ओएलईडी, म्हणजे सेंद्रिय पदार्थांनी उजळणारा पडदा, हाही ठिपका पूर्ण विझवतो, पण त्यातले सेंद्रिय पदार्थ हळूहळू झिजतात आणि वाहिनीच्या बोधचिन्हाचा डाग पडद्यावर उरण्याची धास्ती असते. येथे दिवेच असेंद्रिय असल्याने कंपनी एक लाख तासांचे आयुष्य सांगते, म्हणजे रोज सहा तास लावला तरी पंचेचाळीस वर्षे. (तेवढ्यात रिमोट किती हरवतील, हा हिशेब निराळा.)

घोडे अडते ते कारखान्यात. ४के पडद्यावर सुमारे ८३ लाख ठिपके, म्हणजे जवळपास अडीच कोटी दिवे, आधी वेगळ्या चकत्यांवर तयार करून मग पडद्यावर नेमक्या जागी बसवावे लागतात. दहा हजारांत एकच चुकला तरी दुरुस्तीला सुमारे २,५०० दिवे उरतात. ओएलईडीचा थर मोठ्या काचेवर एकदम चढतो. कापडाचा दर मीटरवर ठरतो आणि भरतकामाची मजुरी टाक्यांवर, तसाच हा फरक आहे. म्हणून पडदा ५५ इंची केला तरी किंमत त्या प्रमाणात उतरत नाही. दिवे तेवढेच लागतात, उलट आणखी बारीक. सोनीने २०१२ मध्येच ५५ इंची नमुना दाखवला होता, पण तो घरगुती टीव्ही म्हणून विक्रीला आलाच नाही.

त्यातच रंगीत पार्श्वप्रकाशाचे एलसीडी, म्हणजे मागून लाल-हिरव्या-निळ्या दिव्यांचा उजेड टाकणारे पडदे, आता याच गिऱ्हाइकाकडे वळले आहेत. कोरियात ११० इंची मायक्रोएलईडीची किंमत डिसेंबर २०२० मध्ये १७ कोटी वॉन जाहीर झाली होती. ऑगस्ट २०२५ मध्ये सॅमसंगचाच ११५ इंची 'मायक्रो आरजीबी' ४.४९ कोटी वॉनला आला. नावसाधर्म्याने गोंधळ होतो खरा, पण हा एलसीडीच आहे, आणि किंमत चौथाईच्या आसपास.

त्यामुळे निदान पाच-सहा वर्षे तरी मायक्रोएलईडी पंचतारांकित हॉटेलांत आणि बंगल्यांतच राहील, असे मला वाटते. घरी येऊन मी टेप लावून पाहिला: आठ फूट रुंद, साडेचार फूट उंच. भिंतीवर कसाबसा मावतो. आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये मात्र नाही.