डिस्क गोल्फची बॅकपॅक बॅग: गावोगावचे कोर्स खेळून झाल्यावर

डिस्क गोल्फ म्हणजे चेंडूऐवजी चपट्या डिस्क फेकून त्या कमीत कमी थ्रोमध्ये बास्केटमध्ये टाकायच्या; एका बास्केटपर्यंतचा टप्पा म्हणजे एक होल. या डिस्क वाहायच्या बॅगेच्या जाहिरातीत ‘वीसहून जास्त डिस्क मावतात’ हे ठळक छापलं होतं. मावतात, त्यात खोट नाही. पण लांबचा प्रवास करून नवनवे कोर्स खेळणाऱ्याने तेवढ्या भरायच्या कशाला? काही महिने ही बॅग पाठीवर वागवली, आता अर्धीच भरतो.

वजनाचा हिशोब बघा. पीडीजीएच्या (या खेळाच्या संघटनेच्या) नियमाप्रमाणे डिस्कच्या व्यासाच्या दर सेंटिमीटरला जास्तीत जास्त 8.3 ग्रॅम चालतात. बहुतेक ड्रायव्हर (लांब फेकायच्या डिस्क) 21 सेंटिमीटरच्या जरा वर, म्हणजे एकेक 175 ग्रॅमच्या आसपास. अशा वीस घेतल्या की साडेतीन किलो झाले. वर पाणी, टॉवेल, रेनकोट. सकाळी एक कोर्स आणि दुपारी दुसरा असा बेत असेल तर शेवटच्या चार-पाच होलना थ्रोपेक्षा बॅग उचलणंच जड जातं.

बॅग म्हणून ती वाईट नाही. पुटरचा, म्हणजे जवळून बास्केटमध्ये टाकायच्या डिस्कचा, वरचा कप्पा झकास आहे. नजर बास्केटवर ठेवून हात मागे घातला की पुटर हाताला लागतो. तळाला जाड रबर असल्यामुळे ओल्या गवतावर टेकवली तरी आतलं सामान कोरडं राहतं. उतारावर मात्र हमखास कलंडते. बाजूच्या कप्प्याची चेन लवकरच अडकायला लागली आणि डाव्या पट्ट्याची शिवण उसवली. या किमतीच्या बॅगेत हे व्हायला नको होतं. कंपनीला कळवलं, उत्तर आलं ते फक्त ‘तक्रार नोंदवली आहे’ एवढंच.

आता डिस्कविषयी, कारण प्रवासात खरा कस त्यांचाच लागतो. डिस्कवर स्पीड (वेग), ग्लाइड (हवेत तरंगणं), टर्न (सुरुवातीला उजवीकडे वळणं), फेड (शेवटी डावीकडे पडणं) असे चार आकडे छापलेले असतात, पण ते सगळीकडे सारखे लागू पडत नाहीत. दीड हजार मीटर उंचीवर हवा समुद्रसपाटीपेक्षा 13-14 टक्के विरळ असते. तिथे माझा सगळ्यात भरवशाचा ड्रायव्हर, जो समुद्रसपाटीच्या कोर्सवर उजवीकडे झुकून मग सरळ होतो, तो उजवीकडे वळायचं नावच घेईना. हातातून सुटला तो सरळ गेला आणि लवकरच डावीकडे पडला. दरीपलीकडच्या बास्केटसाठी हलका, सहज वळणारा ड्रायव्हर काढला तेव्हा कुठे जमलं. समुद्राकाठच्या कोर्सवर समोरून वारा होता आणि तोच हलका ड्रायव्हर उजवीकडच्या झुडपात जाऊन बसला. थंडीत प्लास्टिक कडक होतं, बोटांतून निसटतं. उन्हात गाडीत ठेवलं तर मऊ पडून वाकतं. त्यामुळे एकाच साच्याच्या दोन डिस्क नेतो, एक नवी आणि एक झाडांवर आपटून वापरात मुरलेली. मुरलेली जास्त वळते, म्हणून पाच नवीन साच्यांपेक्षा ही जोडी मला उपयोगी पडते.

कोर्सही तऱ्हेतऱ्हेचे. कॅलिफोर्नियातला ओक ग्रोव्ह हा पहिला कायमस्वरूपी कोर्स. डिस्क गोल्फचे जनक मानले जाणारे एड हेड्रिक यांनी तो 1975 मध्ये मांडला, तेव्हा आजच्या ड्रायव्हरसारख्या धारदार कडेच्या डिस्क नव्हत्याच. त्या 1983 मध्ये आल्या. तिथे झाडांच्या सावलीत पुटर आणि मिडरेंजवर (मधल्या अंतराच्या डिस्कवर) भागतं, ड्रायव्हर काढायची फारशी गरज पडत नाही. याच्या अगदी उलट सांताक्रूझचा डेलाव्हिएगा: 27व्या होलच्या टी-पॅडवरून (पहिला थ्रो फेकायच्या जागेवरून) सगळा उतार पायाखाली दिसतो, डिस्क कितीतरी वेळ हवेतच असते, आणि ती कुठे पडली हे शोधत खाली उतरणं हा वेगळाच व्यायाम. (नाव आणि फोन नंबर प्रत्येक डिस्कवर लिहा. परक्या कोर्सवर सापडलेल्या डिस्क लोक खरंच परत देतात.)

कोर्स शोधायला यूडिस्क ॲप पुरेसं आहे. फक्त बास्केटच्या जागा अधूनमधून हलवतात, तेव्हा टी-पॅडजवळचा फलक आधी वाचावा.

माझ्याकडे आता दोन पुटर, दोन मिडरेंज, वर सांगितलेली जोडी, तो हलका ड्रायव्हर आणि वाऱ्यासाठी एक हट्टी, डावीकडे ओढणारी डिस्क असते. घराजवळच्या एकाच कोर्सवर दर आठवड्याला खेळत असाल तर ही मोठी बॅग खुशाल घ्या, फक्त पट्ट्याची शिवण आधी ओढून बघा. फिरून खेळणाऱ्यांनी हिचीच लहान आवृत्ती बघावी. पुटरचा कप्पा तिलाही तसाच आहे.