खाणीशेजारचं पाणी मोजायचं कुठे: गावच्या विहिरीत की निरीक्षणाच्या बोअरमध्ये?

नाशिक तालुक्यात दगडखाण आणि खडी क्रशरला लागून ज्यांची शेती आहे, त्यांच्यातले काही जण हल्ली एकच प्रश्न विचारतात. भूजलावर लक्ष ठेवायचं तर आहेत त्या विहिरींचीच पाणीपातळी मोजावी, की वर्गणी काढून फक्त मोजणीसाठी वेगळी बोअर घ्यावी? आम्ही आधी विहिरी मोजल्या, मग बोअर घेतली. तुमच्या गावचा खडक वेगळा असेल, तेव्हा आमचा अनुभव तेवढ्यापुरताच धरा.

विहिरीच्या बाजूने बोलायला पुष्कळ आहे. खर्च जवळपास शून्य. कठड्यावर तेलरंगाची एक खूण करायची, दरवेळी तिथूनच टेप सोडायचा आणि वहीत लिहायचं. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा तिच्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा घेते. त्यातली एखादी तुमच्या शिवारात असेल, तर मागच्या नोंदींशी ताडून पाहता येतं. शिवाय लोक पितात, जनावरांना पाजतात, ते पाणी विहिरीतलंच. त्याची काळजी विहिरीपाशी उभं राहूनच घ्यावी लागते.

अडचण मोटरची. ती ऐकायला किरकोळ वाटते, पण आमचा सगळा निर्णय तिच्यावरच फिरला.

आपल्याकडच्या विहिरी वीस-पंचवीस फूट रुंद. काळ्या पाषाणातले झरे बारीक. एकदा उपसा झाला की पाणी पुन्हा जागेवर यायला दीड-दोन दिवस सहज जातात. थ्री फेज कधी दिवसा येते, कधी रात्री, आणि आली की शेजारच्या चारही विहिरींवरच्या मोटरी एकदम चालू होतात. अशा वेळी टेपवर दिसतो तो आकडा भूजलाचा कमी आणि विजेच्या वेळापत्रकाचा जास्त असतो. मोजणीच्या आधी दोन दिवस कोणी मोटर लावायची नाही, असं आम्ही ठरवलं. हिवाळ्यात ते जमलं. पण खरी मोलाची नोंद एप्रिल-मेची, पाणी सगळ्यात खाली असतानाची, आणि नेमकी तेव्हाच द्राक्षाची खरड छाटणी झालेली असते. नव्या फुटीला पाणी देऊ नका, असं भावकीतल्या माणसाला कोणत्या तोंडाने सांगणार?

पुढे खाणवाल्यांसोबत बैठक झाली. आम्ही वही पुढे ठेवली. त्यांच्या माणसाने पानं उलटली आणि विचारलं, "या दिवशी मोटर चालू होती का?" आमच्याकडे उत्तर नव्हतं. त्याचा प्रश्न गैर नव्हता, हे आजही मान्य करतो. पण पाऊण वर्षाची मेहनत त्या एका प्रश्नात वाया गेली. त्याच संध्याकाळी बोअरचा विषय निघाला.

निरीक्षणाच्या बोअरला मोटर नाही, म्हणून तो प्रश्नच उरत नाही. सहा इंची बोअरमध्ये साठा थोडा असतो, त्यामुळे खडकात पाणी हललं की तिच्यात लगेच कळतं. उपसा असलेल्या विहिरीपासून ती किमान 50 मीटर लांब हवी आणि खाणीचा तळ जिथवर जाणार आहे त्याच्या खालपर्यंत गेलेली हवी. खाणीत साचलेलं पाणी उपसायला लागले की आजूबाजूचं पाणी तिकडे ओढलं जातं, आणि उथळ बोअरला त्याचा पत्ता उशिरा लागतो. एकीने भागत नाही. पाण्याचा उतार कळायला तीन लागतात. त्यांच्या तोंडांची उंची लेव्हल लावून एकाच खुणेपासून मोजून घ्या, नाहीतर तीन आकडे एकमेकांशी जुळवताच येणार नाहीत.

बोअरमध्येही दोष आहेत. ती लागेल त्या भेगेपुरतंच बोलते. अखंड पाषाणात गेली तर कोरडी निघते आणि पैसे जातात. आमची पहिली बोअर तर आम्हीच बिघडवली. खर्च वाचवायला केसिंग, म्हणजे बोअरच्या आत बसवायचा पाइप, वरच्या मुरमापुरतंच टाकलं आणि बाहेरून सिमेंट भरलं नाही. रात्री झाकण उघडून कान लावला, तर आत पाणी पडल्याचा आवाज येत होता. वरच्या मांजऱ्या, म्हणजे मऊ सच्छिद्र खडकातलं, म्हणजे विहिरींना मिळणारं पाणी, त्या भोकातून खालच्या थरात उतरत होतं. पाणी राखायला घेतलेली बोअरच ते गळवत होती. ती आम्ही तळापासून सिमेंटने बुजवली. दुसऱ्या बोअरला केसिंगभोवती नीट सिमेंट भरून घेतलं, वर कुलपाचं झाकण बसवलं.

पाण्याच्या प्रतीसाठी मात्र विहीर सोडू नका. सुरुंगाच्या दारूत अमोनियम नायट्रेट असतं, म्हणून नायट्रेट तपासून घ्या. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे. पण ते बागेतल्या युरियातूनही येतं. खाणीच्या वरच्या अंगाची एक आणि खालच्या अंगाची एक अशा दोन विहिरींचे नमुने एकाच दिवशी घेतले, तरच काही बोलता येतं.

पातळी आपोआप नोंदवणारी यंत्रं मिळतात. बोअर असेल तर ती पुढे कधीही सोडता येतात. घेतलीत तर हवेच्या दाबाची नोंदही ठेवा, कारण अशी बरीच यंत्रं पाण्यासोबत वरच्या हवेचाही दाब मोजतात, आणि एक मिलिबारचा फरक म्हणजे साधारण एक सेंटिमीटर पाणी. आम्ही अजून टेपवरच आहोत.

पैशांची सोय अजिबात नसेल तर विहिरींपासून सुरुवात करायला हरकत नाही. मोटर कधी बंद झाली ती वेळ आकड्याशेजारी लिहाच. पण एका बोअरपुरती जरी वर्गणी जमत असेल, तर मी खाणीच्या खालच्या अंगाला, कोणाचीही मोटर नसलेल्या बांधावर ती घेईन, आणि पहिला सुरुंग उडायच्या आधी घेईन. आमची वही खाण सुरू झाल्यावर, 2023 च्या जूनमध्ये उघडली. तो ऑगस्ट महाराष्ट्रभर कोरडा गेला. त्या वर्षी पाणी जे खाली गेलं त्यात पावसाचा वाटा किती आणि खाणीचा किती, हे आम्हाला आजही सांगता येत नाही.