रद्दीचा पेपर की दुधाची पिशवी? बी रुजवायला घरातलं काय घ्यावं

बी रुजवायला विकतचा ट्रे लागतोच असं नाही. पण हाताला लागेल त्यात माती भरली की झालं, असंही नाही. मी आधी एवढंच बघते, की रोप त्यात किती दिवस राहणार. काकडी, दोडका, कारली यांना दोन-तीन खरी पानं (बीतून आधी निघणाऱ्या दोन दलांनंतरची) फुटली की, म्हणजे साधारण 12 ते 15 दिवसांत, जमिनीत हलवावं लागतं आणि त्यांना मुळं दुखावलेली सोसत नाहीत. वांगी-टोमॅटोला महिनाभर तरी लागतो, मिरचीला आणखी थोडे दिवस.

वेलांना पेपरचा पुडा उत्तम. पान आडवं दुमडायचं, स्टीलच्या पेल्याभोवती गुंडाळायचं, खालची कड आत दाबून तळ करायचा आणि पेला ओढून काढायचा. खळ लावू नका, मुंग्या आणि बुरशी दोन्ही येतात. गुळगुळीत रंगीत पुरवण्याही नकोत. पुडे पसरट डब्यात एकमेकांना खेटून उभे केले की ओले झाले तरी उभे राहतात. कागदावर पांढरी बुरशी दिसली तरी घाबरू नका, ती कागदावर जगते. रोपाचं खोड मातीलगत बारीक होऊन ते आडवं पडलं, तर मात्र ती रोपकोलमड. तेव्हा पाणी कमी करायचं आणि हवा खेळती ठेवायची. पुड्यासकट लावताना कागदाची कड मातीबाहेर राहू देऊ नका. वात तेल ओढते तसा तो कागद मुळांजवळचा ओलावा वर खेचून वाळवून टाकतो.

याच पुड्यात मिरची लावाल तर तीन-चार आठवड्यांनी उचलताना तळ हातात येईल. जूनमध्ये पागोळ्यांखाली ठेवला तर त्याच्याही आधी.

म्हणून मिरची-वांग्याला अर्ध्या लिटरची दुधाची पिशवी. तोंड पूर्ण कापून आतून साबणाने धुवा, नाहीतर दुधाच्या वासाला मुंग्यांची रांग लागते. तळाच्या दोन्ही कोपऱ्यांना कात्रीने छोटे छेद द्या, मध्येही एक-दोन भोकं पाडा. माती, शेणखत किंवा गांडूळखत आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) सारखं घेऊन भरा. नुसती काळी माती भरली तर ती पिशवीत घट्ट बसते. पिशवी खोल असल्यामुळे मुळांना जागा मिळते आणि मार्चच्या उन्हातही ओल टिकते. लावणीच्या वेळी ती हळूच दाबून सैल करायची, की मातीचा गड्डा अख्खा बाहेर येतो. पिशवी धुऊन परत वापरा. ती मातीत कुजत नाही, ही तिची एकच खोट. पारदर्शक बाटली कापून वापरणारेही असतात, पण आत उजेड जाऊन शेवाळ धरतं, आणि बाटलीतून गड्डा काढणं हे वेगळंच काम.

अंड्याची टरफलं फोटोत छान दिसतात, बाकी काही नाही. त्यात चमचाभर माती मावते, ती दुपारपर्यंत सुकते. टरफलातलं कॅल्शियम त्या दोन-तीन आठवड्यांत रोपाला मिळेल ही आशाही सोडा. वापरायचीच असतील तर लावणीच्या वेळी टरफल हाताने चुरडा, नाहीतर मुळं आतच अडकतात. कागदी लगद्याचा अंड्याचा ट्रे त्यापेक्षा बरा, पण खळगे उथळ. झेंडूसारखं लवकर हलवायचं काही असेल, तर चालेल.

करवंटी घ्यायची तर डोळे असलेली अर्धी घ्या. तिन्हींतला एक डोळा मऊ असतो, तो खिळ्याने सहज फुटतो आणि निचऱ्याची सोय होते. दुसऱ्या अर्ध्या भागाला ड्रिल लागतं. करवंटीसकट रोप जमिनीत पुरू नका, ती लवकर कुजत नाही. चहाचे कागदी कपही कागद समजून पुरू नका, आतून प्लॅस्टिकचा थर असतो. दुधाच्या पिशवीसारखेच वापरा, लावताना फाडून बाजूला काढा.