कार्गो की पॅसेंजर? चकाल्यातल्या एका पायलट समुपदेशनाबद्दल

अंधेरी पूर्वेला चकाल्यात एक निवृत्त कॅप्टन पायलट होऊ घातलेल्या मुलांना फी घेऊन सल्ला देतात. फी साडेचार हजार रुपये. माझी मुलगी सई सीपीएल, म्हणजे व्यावसायिक पायलटचं लायसन्स, घेऊन घरी आली आहे आणि पुढचं टाइप रेटिंग (ठरावीक प्रकारचं विमान उडवायची पात्रता) कुठलं करायचं हे ठरायचं आहे, म्हणून आम्ही दोघी गेलो. मी बँकेच्या कर्ज विभागातून निवृत्त झाले. शिक्षणकर्जाच्या फायली वर्षानुवर्षं हाताखालून गेल्यामुळे ‘पायलटला लाखांत पगार’ एवढ्यावर माझं समाधान होत नाही. आमच्या फीचे पैसे वसूल झाले, हे आधीच सांगते. एका बाबतीत मात्र त्यांचा हिशोब कच्चा वाटला, तेही खाली लिहिलं आहे.

सईच्या बॅचमध्ये एक गोष्ट सगळ्यांनी धरून ठेवली आहे: कार्गोत पैसा जास्त आणि कटकट कमी. प्रवासी नाहीत, केबिन क्रू नाही, उशीर झाला म्हणून भांडायला कोणी येत नाही. सरांनी हे खोडून काढलं नाही. त्यांनी एका मोठ्या कागदावर आडवी रेघ मारली. एका टोकाला सईचं आजचं वय, दुसऱ्या टोकाला पासष्ट, कारण आपल्याकडे व्यावसायिक विमान उडवायची वयोमर्यादा तीच आहे. मग रेघेवर खुणा करत गेले: फर्स्ट ऑफिसर (सहवैमानिक) म्हणून किती वर्षं, कमांड म्हणजे कॅप्टनपद कधी मिळणार, कर्जाचा शेवटचा हप्ता कधी, कंपनी बंद पडली तर किती महिने घरी. पगाराचा आकडा सगळ्यात शेवटी. कर्जाची फाइल बघताना मीही असंच बघत आले, म्हणून मला ही पद्धत एकदम पटली.

सगळ्यात मोठी खूण कमांडची निघाली. सरांनी उदाहरणाला आकडे धरले. समजा कॅप्टन आणि फर्स्ट ऑफिसर यांच्या पगारात महिन्याला साडेतीन लाखांचा फरक आहे आणि एका कंपनीत कमांड दुसरीपेक्षा पाच वर्षं उशिरा मिळते. साठ महिने गुणिले साडेतीन लाख, म्हणजे दोन कोटी दहा लाख. तासाचा दर शंभर-दोनशे रुपयांनी जास्त असला तरी ही तूट भरून निघत नाही.

कमांडसाठी नुसते तास आणि एटीपीएल (कॅप्टनला लागणारं लायसन्स) पुरत नाही, कॅप्टनची डावी खुर्ची रिकामी व्हावी लागते. ती रिकामी होते कंपनी वाढते तेव्हा. इंडिगोकडे चारशेहून जास्त विमानं आहेत आणि जून 2023 मध्ये त्यांनी आणखी 500 ची ऑर्डर दिली. त्याच वर्षी फेब्रुवारीत एअर इंडियाने 470 विमानांची ऑर्डर जाहीर केली होती. आता मालवाहू बाजू बघा. ब्लू डार्ट एव्हिएशन ही आपल्याकडची जुनी, टिकलेली कार्गो कंपनी, 1996 पासून उडते आहे, आणि तिचा ताफा सहा बोइंग 757 आणि दोन 737 एवढाच. अशा ठिकाणी नोकरी शांत असेल, पण पुढचा माणूस निवृत्त झाल्याशिवाय मागच्याला खुर्ची नाही. सईने इथे वहीत दोन रेघा ओढल्या.

757 ची आणखी एक अडचण त्यांनी दाखवली. हे विमान बनवणं बोइंगने 2004 मध्येच थांबवलं आणि आपल्याकडची कुठलीही प्रवासी कंपनी ते उडवत नाही. त्याचं रेटिंग घेऊन बसलात की बाहेर पडायचे दरवाजे कमी. उलट इंडिगोची मालवाहू विमानं ए-321 आहेत. ए-320 चं टाइप रेटिंग ए-321 लाही चालतं, म्हणजे ते हातात असलं की प्रवासी आणि माल दोन्ही दरवाजे उघडे राहतात. लाखो रुपये घालून रेटिंग करायचं असेल तर ही एक माहिती फीच्या कितीतरी पट मोलाची आहे.

दुसरा मुद्दा तासांचा. आपल्याकडे पगाराचा मोठा भाग उडवलेल्या तासांवर असतो, ठरावीक गॅरंटीड तास आणि त्यावर ओव्हरटाइम. देशांतर्गत कार्गोचं विमान रात्री एक-दोन सेक्टर, म्हणजे उड्डाणं, करतं आणि दिवसभर उभं राहतं. प्रवासी विमान पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत फिरतं. दर सारखा धरला तरी महिन्याला तीस तास कमी भरले आणि तासाला पाच हजार मोजले, तर दीड लाखाचा फरक पडतो. म्हणून जाहिरातीतला दर बघून भुलू नका. त्या कंपनीतला फर्स्ट ऑफिसर खरोखर किती तास उडतो, हे तिथे काम करणाऱ्याला विचारा.

आता कच्च्या बाजूबद्दल. सरांच्या कागदावर कार्गोचा रकाना बराचसा अमेरिकेवरून भरला होता. मुलं ‘कार्गोत पैसा’ म्हणतात तेही तिथूनच आलेलं आहे, आणि तिथे ते बराच काळ खरं होतं. युनायटेड या प्रवासी कंपनीचं पेन्शन 2005 मध्ये दिवाळखोरीत गेलं, डेल्टा या दुसऱ्या प्रवासी कंपनीच्या पायलटांचं 2006 मध्ये. फेडेक्स आणि यूपीएस या कार्गो कंपन्यांच्या पायलटांचं मात्र टिकलं. आयुष्यभराच्या कमाईत पेन्शन धरलं की कार्गोवाले पुढे निघत. यूपीएसमध्ये तर कुठलंही विमान उडवा, तासाचा दर एकच. पण मार्च 2023 मध्ये डेल्टाने पायलटांना चार वर्षांत 34 टक्के वाढीचा करार दिला, आणि त्याच उन्हाळ्यात फेडेक्सच्या पायलटांनी त्यांच्यापुढे आलेला करार मतदानात फेटाळला. पारडं फिरलं. हे सगळं सरांनी चांगलं समजावलं, पण अमेरिकेत नोकरी करायचा हक्क नसलेल्या मुलीला त्या रकान्याचा उपयोग काय? पार्ल्याच्या मुलीसमोर चेन्नई, बेंगळुरू, दिल्ली आणि फार तर आखात, एवढेच रकाने भरलेले हवेत. आखाताचा एक मुद्दा त्यांनी तोंडी सांगितला, तो कागदावर यायला हवा होता: एमिरेट्समध्ये 777 चे पायलट प्रवासी विमानही उडवतात आणि मालवाहूही. तिथे कार्गो की पॅसेंजर हा प्रश्नच उरत नाही, आणि पगारावर आयकर नाही.

कंपनी बुडण्याबद्दल ते मोकळेपणाने बोलले, याचं मला फार बरं वाटलं. किंगफिशर 2012, जेट एअरवेज 17 एप्रिल 2019, गो फर्स्ट मे 2023. कार्गोतही डेक्कन 360 दोन-तीन वर्षांत आटोपली. 2020 मध्ये प्रवासी विमानं जमिनीवर होती, पायलट बिनपगारी रजेवर जात होते आणि मालवाहू विमानं औषधं घेऊन उडत होती. मी कर्ज विभागात होते, म्हणून सांगते: हप्ता चालू असताना पगार थांबला की घरातलं सोनं आधी जातं. अमेरिकेत नव्या कंपनीत गेलात की सिनिऑरिटीच्या तळाशी बसावं लागतं. आपल्याकडे अनुभवी कॅप्टनला थेट कॅप्टन म्हणून घेतात, त्यामुळे आपटी थोडी कमी लागते. फर्स्ट ऑफिसरला ती सोय नाही. शिवाय डीजीसीए या सरकारी विमान नियामकाच्या 2017 च्या नियमाने फर्स्ट ऑफिसरला सहा महिने आणि कॅप्टनला वर्षभर नोटीस द्यावी लागते. चांगली संधी आली म्हणून उद्या उठून जाता येत नाही.

झोपेचा विषय सईने काढला. सर थोडे थांबले आणि म्हणाले, "बाळा, रात्रीचं काम पंचविशीत कळत नाही, पन्नाशीत कळतं." फेब्रुवारी 2009 मध्ये अमेरिकेत बफेलोजवळ कोलगन कंपनीचं प्रवासी विमान पडलं, त्यानंतर अमेरिकेने पायलटांच्या विश्रांतीचे नवे नियम केले, ते 2014 पासून लागू झाले, पण कार्गो कंपन्यांना त्यातून वगळलं. ऑगस्ट 2013 मध्ये अमेरिकेतल्याच बर्मिंगहॅमला पहाटे यूपीएसचं विमान कोसळलं, त्याच्या तपासात थकव्याचा उल्लेख आहे. याचा कमाईशी थेट संबंध आहे. क्लास वन मेडिकल, म्हणजे पायलटला लागणारं वैद्यकीय प्रमाणपत्र, गेलं की उरलेली रेघ कोरी.

म्हणूनच लायसन्स गमावल्यास मिळणाऱ्या विम्याबद्दल त्यांच्या कागदावर एक ओळही नव्हती, हे मला खटकलं. मी विचारलं तेव्हा त्यांनी टाळलं नाही. त्याच आठवड्यात फोन करून कंपनीचं कव्हर किती काळ धरावं, स्वतःचं वेगळं केव्हा घ्यावं, पॉलिसीत कुठलं कलम वाचावं, हे नीट सांगितलं. त्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत.

सईने ए-320 चं रेटिंग करायचं ठरवलं आहे. कार्गो तिच्या मनातून गेलेलं नाही. तिला रात्रीचं आकाश आवडतं आणि ते मला मान्य आहे, फक्त आधी कमांड मिळू दे.

जाणार असाल तर मुलाबरोबर पालकांनीही जा, आणि बँकेचं मंजुरीपत्र, हप्त्याचा तक्ता, फ्लाइंग स्कूलच्या पावत्या बरोबर न्या. आकडे समोर असले की सर नेमकं बोलतात, नसले की बोलणं अमेरिकेत जातं. शनिवारची वेळ लवकर भरते. ऑफिस चकाला मेट्रो स्टेशनपासून चालत जाण्यासारखं आहे, पण दुसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही, गुडघे दुखणाऱ्यांनी फोनवरची वेळ मागावी.