माशांच्या बारकोडसाठी अल्व्हिओ यू50: वेग भरपूर, पण आधी वाऱ्याची सोय

सुरमईचे तुकडे झाले की जात नजरेनं ठरवणं कठीण. सीओआय या जनुकाचा साधारण 650 अक्षरांचा (ए, सी, जी, टी ही डीएनएची अक्षरं) तुकडा, म्हणजे जातीची ओळख पटवणारा बारकोड, माहीत असलेल्या जातींच्या बारकोडांशी जुळवावा लागतो. रत्नागिरीच्या मिरकरवाड्यासारख्या बंदरावरचे नमुने तपासणाऱ्या प्रयोगशाळेनं त्यासाठी झायलिंक्सचं (आता एएमडीचं) अल्व्हिओ यू50 हे आकडेमोडीला वेग देणारं कार्ड घ्यावं का?

आठवड्याला पन्नास नमुने असतील तर नको. साधा आठ कोरचा संगणक पुरतो. रोज लाखो रीड (यंत्रानं वाचलेले डीएनएचे तुकडे) तपासायचे असतील तर मात्र हे एफपीजीए कार्ड, म्हणजे आतली जोडणी हवी तशी बदलता येणाऱ्या चिपचं कार्ड, कामाचं.

दोन क्रम अक्षरागणिक जुळवून गुण देणाऱ्या स्मिथ-वॉटरमन पद्धतीच्या कोष्टकात एकाच तिरक्या रेषेवरची घरं एकमेकांवर अवलंबून नसतात, म्हणून ती चिपच्या घड्याळाच्या एका ठोक्यात भरता येतात. एका ठोक्यात एकेक घर भरणाऱ्या 256 घटकांची साखळी 200 मेगाहर्ट्झवर चालवली तर सेकंदाला 51.2 अब्ज घरं. 650 अक्षरांना तीन फेऱ्या लागतात आणि तिसरीत 118 घटक नुसते बसून राहतात. हाती उरतात 43 अब्ज. म्हणजे एक नमुना एक लाख संदर्भ बारकोडांशी कागदावर एका सेकंदात जुळतो, डीएनएचा उलटा धागाही तपासला तर दोन. प्रत्यक्षात एकेक बारकोड कार्डाकडे पाठवलात तर सगळा वेळ ने-आणीतच जातो. हजारोंचा गठ्ठा करून पाठवा. कार्डाकडून फक्त गुण घ्या. पहिल्या वीस जुळण्यांची मांडणी प्रोसेसरवर करा.

खरी फसगत बिटांत होते. अक्षराला दोन बिट दिले की 'एन'ला (न वाचता आलेल्या अक्षराला) जागाच उरत नाही, आणि तो गुपचूप 'ए' होऊन बसतो. त्याच्यासाठी वेगळा बिट ठेवा. जुळणीला 2 गुण धरले तर 650 अक्षरांचे 1300 होतात. जागा वाचवायला गुणांना दहाच बिट ठेवले तर 1023नंतर आकडा उलटून पुन्हा शून्यापासून सुरू होतो, आणि सर्वात मोठा गुण म्हणून त्याआधीचाच नोंदला जातो. मग तंतोतंत जुळणारी जात आणि तिची चुलत बहीण दोघी 1022वर अडकतात. अकरा बिट हवेतच.

कार्ड 75 वॅटचं, स्वतःचा पंखा नसलेलं. सर्व्हरच्या वाऱ्याच्या झोतासाठी बनवलेलं असल्यानं डेस्कटॉपच्या डब्यात समोरून जोरकस पंखा लावला नाही तर ते तापतं. चिपमधली नवी रचना बांधायला कित्येक तास लागतात, रॅम 64 जीबीखाली नको, आणि पावसाळ्यात वीज जाणारच, तेव्हा यूपीएस कार्डाच्या बजेटमध्येच धरा. खारी हवा थेट आत घेणारी खिडकी मशीनजवळ नको. खोली बंद, एसी कोरडा. मशीन बसवल्यावर आधी 'एक्सबीयूटिल व्हॅलिडेट' ही कार्ड तपासणारी आज्ञा चालवा, मगच माशांकडे वळा.