दहावीचं ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग २’ : पहिल्या धड्यासाठी तरी घ्याच

माझ्या शिकवणीत राज्य मंडळाची आणि सीबीएसईची दहावीची मुलं शेजारी बसतात. सीबीएसईची मुलं वापरतात त्या एनसीईआरटीच्या पुस्तकातल्या ‘आनुवंशिकता आणि उत्क्रांती’ या धड्याची आता फक्त ‘आनुवंशिकता’ उरली आहे. मेंडेलचे वाटाणे आहेत, डार्विन गेला. कोविडनंतर अभ्यासाचं ओझं कमी करायचं होतं आणि बारावीच्या जीवशास्त्रात हा भाग आहेच, असं कारण दिलं गेलं. २०२३ मध्ये अठराशेहून अधिक शास्त्रज्ञ-शिक्षकांनी जाहीर पत्र काढून विरोध केला, तो मला पूर्ण पटतो. दहावीनंतर कॉमर्सला किंवा आयटीआयला जाणारी मुलगी बारावीचं जीवशास्त्र कधी उघडणार?

म्हणून सीबीएसईच्या मुलांनाही मी बालभारतीचं हे पुस्तक वाचायला लावते. पीडीएफ मोफत मिळते. पहिलाच धडा ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’, आणि त्यातला पुराव्यांचा भाग उत्तम आहे. जीवाश्म, कार्बनी वयमापन (कार्बनवरून अवशेषांचं वय काढणं), अवशेषांगं (आता फारसा उपयोग न उरलेले अवयव). आंत्रपुच्छ, अक्कलदाढा, माकडहाड ही यादी वाचली की मुलं लगेच स्वतःचं माकडहाड चाचपून बघतात, पुरावा स्वतःच्याच अंगात सापडतो. जोडणारे दुवे, म्हणजे दोन गटांची लक्षणं एकत्र दाखवणारे प्राणी, हेही छान निवडलेत: अंडी घालणारा आणि तरीही सस्तन असलेला प्लॅटिपस, फुप्फुसांनी श्वास घेणारा मासा, गांडुळासारखे वलयी प्राणी आणि कीटकांसारखे संधिपाद यांच्यामधला पेरिपॅटस.

तक्रारी आहेत. सुरुवातीलाच प्रथिनं कशी तयार होतात याचा अवघड भाग येतो. तिथे कच्ची मुलं गळतात. मी तो नंतर घेते. मानवाच्या उत्क्रांतीत एकामागून एक नावं येतात, त्यामुळे मुलांच्या डोक्यात सरळ रांग बसते आणि मग ठरलेला प्रश्न येतो: आजच्या माकडांची माणसं का होत नाहीत? पुस्तक आलं त्याच वर्षी, २०१८ मध्ये, औरंगाबादेत एका केंद्रीय राज्यमंत्र्यांनी असाच आक्षेप घेऊन डार्विन चुकीचा ठरवला होता आणि देशातल्या तिन्ही विज्ञान अकादम्यांना खुलासा करावा लागला होता. म्हणून इथे मी फळ्यावर फांद्या फुटलेलं झाड काढते: चिंपांझी आणि आपण यांचा पूर्वज एकच, साधारण ६०-७० लाख वर्षांपूर्वी वाटा वेगळ्या झाल्या. ही एक आकृती पुढच्या आवृत्तीत मोठी, अख्ख्या पानभर हवी.