जर्मनीत उन्हाळी इंटर्नशिप: बर्लिन की एस्लिंगेन?

जानेवारी उजाडला की ओळखीतल्या कुणाचा तरी फोन येतो. मुलगा किंवा मुलगी मिशिगनला नाहीतर टेक्ससला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला, कॉलेजात तीन-चार सेमिस्टर जर्मन झालेलं, आणि उन्हाळ्यासाठी दोन ठिकाणांहून होकार आलेला. एक बर्लिनहून, दुसरा कधी नाव न ऐकलेल्या गावाहून. "बर्लिनच घ्यावं ना?" हा प्रश्न येतो तेव्हा उत्तर घरात जवळजवळ ठरलेलं असतं. मी मात्र लगेच हो म्हणत नाही, कारण दोन्ही करून पाहिलं आहे. २०२२ चा उन्हाळा बर्लिनमध्ये एका प्रयोगशाळेत गेला, २०२३ चा श्टुटगार्टजवळच्या एस्लिंगेनमध्ये, यंत्रं बनवणाऱ्या एका मध्यम आकाराच्या कारखान्यात. दोन्ही वेळा बारा-बारा आठवडे.

मी सातवीपर्यंत पुण्यात वाढलो, मग मिशिगन. हे सांगायचं कारण पुढे येईल.

कागदपत्रांचं थोडक्यात. अमेरिकी पासपोर्टवर ९० दिवस व्हिसाशिवाय राहता येतं, पण त्यात काम करण्याची मुभा येत नाही. ती परवानगी वेगळी, आणि तिची तयारी कंपनीने किंवा विद्यापीठाने खूप आधी सुरू करावी लागते. भारतीय पासपोर्टवर अमेरिकेत शिकणाऱ्यांना व्हिसा लागतोच. दुसरं, शिक्षणाला जोडून स्वेच्छेने केलेल्या तीन महिन्यांपर्यंतच्या इंटर्नशिपला जर्मनीत किमान वेतनाचा कायदा लागू होत नाही. म्हणून महिन्याचे पैसे किती, हे होकार देण्याआधी लेखी घ्या. बाकी विमान, विमा, बँक हे सगळं तुम्ही शोधलेलंच असेल.

आता बर्लिन. त्याची बाजू मला मनापासून मांडायची आहे, कारण त्या उन्हाळ्याने मला भरपूर दिलं. मी नॉयकोल्नमध्ये राहायचो, चौघांच्या सामायिक घरात, ज्याला तिकडे 'वेगे' म्हणतात. खोली मिळायला सहा आठवडे लागले, व्हिडिओ कॉलवर चार घरांनी माझी मुलाखत घेतली तेव्हा कुठे एक जमली. पण एकदा पोचल्यावर शहर हातात आल्यासारखं वाटलं. घरापासून चालत गेलं की टेम्पेलहोफचं मैदान. हा मूळचा विमानतळ, २००८ मध्ये बंद झाला आणि २०१० मध्ये लोकांसाठी खुला झाला. तीनशे हेक्टरांहून मोठी मोकळी जागा, आणि जुन्या धावपट्टीवर सायकल चालवत सूर्य मावळताना बघायचा, तोही जूनमध्ये रात्री साडेनऊला. तिथे इमारती उभ्या करायचा बेत होता, तो बर्लिनकरांनी २०१४ मध्ये सार्वमत घेऊन थांबवला. असं शहर आवडणार नाही कसं?

खाण्याचंही तसंच. मी शाकाहारी आहे आणि बर्लिनमध्ये एक दिवसही अडचण आली नाही. मंगळवारी आणि शुक्रवारी माइबाखउफरचा तुर्की बाजार, तिथे कोथिंबिरीच्या जुड्या आणि वांगी मनसोक्त. रविवारी जर्मनीभर दुकानं बंद असतात, पण बर्लिनमध्ये कोपऱ्यावर एखादं 'श्पेटी' उघडं सापडतं, म्हणजे आपल्या गल्लीतलं रात्री उशिरापर्यंत चालणारं दुकान. शिवाय त्या वर्षी जून, जुलै, ऑगस्ट असे तीन महिने सरकारने ९ युरोत महिनाभराचा प्रवास दिला होता. साध्या गाड्यांनी वार्नेम्युंडेच्या समुद्रापर्यंत जाऊन आलो, तीन तास उभ्याने, कारण अर्धं बर्लिन त्याच डब्यात होतं.

कामही चांगलं होतं. प्रयोगशाळेत दहाला यायचं, पीएचडी करणारी सहा जणं, सहा देशांची. मला शिकवणारी मुलगी हुशार आणि मोकळी होती.

मग नडलं काय? भाषा. आणि एका दिवसात नाही, रोज थोडं थोडं नडलं.

सकाळी बेकरीत जायचो. वाक्य घरून घोकून निघायचो. दोन ब्रेड, एक काळा, कापून द्या. उच्चार नीट, क्रियापद जागेवर, आणि मध्येच एखाद्या नामाचं लिंग चुकायचं. तेवढ्यावरून समोरची मुलगी हसून इंग्रजीत विचारायची, आणखी काय देऊ. ती चांगुलपणानेच विचारायची, मागे रांग होती. मी जर्मनमध्येच उत्तर द्यायचो, ती पुन्हा इंग्रजीत. दोन-तीन वाक्यांत मी हरायचो. काही कॅफेंमध्ये तर काउंटरवरच्या मुलाला माझ्याहून कमी जर्मन येत होतं. हे मलाच जाणवलं असंही नाही. २०१७ मध्ये येन्स श्पान या राजकारण्याने जाहीर तक्रार केली होती की बर्लिनच्या काही रेस्टॉरंटांत वेटर फक्त इंग्रजी बोलतात. त्यांच्या बाकीच्या मतांशी माझं देणंघेणं नाही, पण त्या तक्रारीतलं चित्र मला ओळखीचं वाटलं.

प्रयोगशाळेत इंग्रजी, कारण सहा देशांची माणसं. घरात इंग्रजी, कारण आम्हा चौघांत जर्मन कुणीच नव्हतं. आठव्या आठवड्यात लक्षात आलं की दिवसभरात मी बोललेलं जर्मन मोजून वीस वाक्यं होतं, आणि त्यातली पंधरा रोज तीच. मिशिगनला परतल्यावर प्राध्यापकांनी बोलायला लावलं, तेव्हा गेलो होतो त्यापेक्षा जास्त अडखळत होतो.

आणि इथे पुण्याची गोष्ट येते. जर्मन शिकताना मराठी माणसाला जी सवलत मिळते ती माझ्या अमेरिकन वर्गमित्रांना नव्हती. ते 'झीबेनउंडफिअरत्सिश' ऐकून आधी ७ लिहायचे, मग गोंधळायचे. मला त्यात गोंधळण्यासारखं काही दिसत नव्हतं. आपणही सत्तेचाळीसच म्हणतो, आधी सात, मग चाळीस. 'डेअर, डी, डास' ही तीन लिंगं त्यांना छळ वाटायची, आपण तो, ती, ते जन्मापासून वापरतो. कुठल्या शब्दाला कुठलं लिंग हे पाठ करावंच लागतं, कारण त्यांचा चमचा पुल्लिंगी, काटा स्त्रीलिंगी आणि सुरी नपुंसकलिंगी. पण वस्तूला लिंग असतं याचं नवल वाटत नाही. 'झी' आणि 'डू' म्हणजे तर सरळ तुम्ही आणि तू. हे सगळं आयतं घेऊन मी बर्लिनला गेलो होतो आणि ते तसंच बांधून परत आणलं. ही चुटपुट मला वर्षभर पुरली. पुढच्या वर्षी एस्लिंगेनचं पत्र आलं तेव्हा मी नकाशाही नंतर पाहिला.

एस्लिंगेन नेकार नदीवर आहे, वस्ती लाखाच्या आत, वर द्राक्षांचे उतार आणि किल्ला, खाली लाकडी चौकटींची जुनी घरं. शहरात विजेच्या तारांवर चालणाऱ्या ट्रॉलीबस आहेत, जर्मनीत आता अशी तीनच शहरं उरली आहेत. श्टुटगार्टला लोकल जाते. नोकरीची वेळ मात्र वेगळीच. सात म्हणजे सात. नऊला 'फेस्पर', म्हणजे न्याहारीची सुट्टी, आणि साडेतीनला माणसं घराकडे. शुक्रवारी दुपारीच सगळं सामसूम.

पहिला आठवडा मला शिकाऊ कामगारांच्या वर्कशॉपमध्ये बसवलं. वाइसमध्ये पोलादाचा तुकडा आणि हातात कानस. सपाट कर, काटकोन आण. मिशिगनला मी थ्री-डी मॉडेल करत होतो, इथे हाताला फोड आले. तिथले मास्टर, म्हणजे काम शिकवणारे उस्ताद, पन्नाशीचे, श्वाबेनचे म्हणजे श्टुटगार्टच्या आसपासच्या त्याच मुलखातले, आणि त्यांना इंग्रजी येत नव्हतं किंवा त्यांनी कधी दाखवलं नाही. मला कळलं नाही तर ते तेच वाक्य पुन्हा म्हणायचे, सावकाश. तरी कळलं नाही तर वस्तू हातात द्यायचे आणि तिसऱ्यांदा म्हणायचे. ते 'फिअरउंडत्स्वान्त्सिगर' म्हणाले की माझा हात आपोआप चोवीसच्या पान्याकडे जायचा, कारण कानाला ते चोवीसच ऐकू यायचं. त्या क्षणी मला जो आनंद व्हायचा तो इथे लिहून दाखवता येत नाही.

श्वेबिश, म्हणजे श्वाबेनची बोली, कठीण आहे, हे लपवत नाही. कॉलेजात शिकलेलं जर्मन आणि फेस्परच्या टेबलावरचं जर्मन यांत पुणेरी आणि मालवणीइतकं अंतर पडतं. प्रत्येक नामाला 'ले' लागतो, अर्धी अक्षरं गिळली जातात. पहिले तीन आठवडे मी फक्त हसत बसायचो. चौथ्या आठवड्यात एक विनोद कळला. सातव्यात मी एक सांगितला. बर्लिनमध्ये माझ्यासाठी सगळे इंग्रजीत येत, इथे माझ्यासाठी कुणी बोली सोडली नाही, आणि त्यामुळेच मला आत जाता आलं असं मला वाटतं. दुसऱ्याचा अनुभव वेगळा असू शकतो.

मी एका आजींच्या घरात वरच्या मजल्यावर भाड्याने राहायचो. दुसऱ्या आठवड्यात दाराला एक लाकडी पाटी लटकलेली दिसली, 'केअरवोखं'. या आठवड्यात जिना झाडायची पाळी माझी. मी गुरुवारी झाडला. आजी वर आल्या, जिना बघितला, आणि कोपरे कसे काढायचे ते स्वतः वाकून दाखवलं. मी फोडणी केली की त्या सगळ्या खिडक्या सताड उघडायच्या, पण त्या हिवाळ्यातही दिवसातून तीनदा उघडतात असं त्यांनीच सांगितलं, म्हणून मनाला लावून घेतलं नाही. एका रविवारी त्यांनी मसूर आणि श्पेत्सले केले, माझ्यासाठी सॉसेज न घालता. वरून थोडं व्हिनेगर. मसुराची आमटी आणि जाडसर शेवया एकत्र खाव्यात तसं लागलं. श्वाबेनमध्ये शाकाहारी माणसाने हा पदार्थ आणि चीजचे श्पेत्सले हे दोन लक्षात ठेवावेत. कँटीनमध्ये बाकी फारसं हाती लागत नाही, आणि मौलटाशेनच्या, म्हणजे सारण भरलेल्या पिठाच्या पुड्यांच्या, आत बहुतेक वेळा मांस असतं.

एस्लिंगेनमध्ये रविवार जड जातो. पहिल्या महिन्यात मला खरंच एकटं वाटलं. वयाच्या मानाने आसपास कुणी नव्हतं, संध्याकाळी आठनंतर रस्ते रिकामे. ४९ युरोचं जर्मनीभर चालणारं मासिक तिकीट त्याच वर्षी मे महिन्यात सुरू झालं होतं, त्याने सुटका झाली. बाड उराखचा धबधबा, उल्म शहर, बोडेनझे तलाव, सगळं त्याच तिकिटात. मग मास्टरांनी टेबल टेनिसच्या क्लबात नेलं आणि मंगळवार-गुरुवार भरले. तिकडे ओळखी अशाच होतात, क्लबातून. ज्यांना नव्या शहरात गर्दीचीच सोबत लागते त्यांनी हा महिनाभराचा एकटेपणा आधी तोलून पाहावा. संशोधनात पुढे जायचं असेल, शोधनिबंधावर नाव हवं असेल, तर बर्लिनची प्रयोगशाळा जास्त कामाची, यातही वाद नाही.

शेवटी हातात पडणाऱ्या प्रमाणपत्राचंही सांगतो, कारण अमेरिकेत वाढलेल्यांना त्याची भाषा कळत नाही. जर्मनीतलं 'त्सॉइग्निस' वाचायला कायम गोड असतं, खरा शेरा ठरावीक शब्दांत दडलेला असतो. 'नेहमीच आमच्या संपूर्णतम समाधानापर्यंत' हे सर्वोत्तम. 'नेहमीच' किंवा 'तम' गळलं की शेरा एकेक पायरी खाली. 'प्रयत्न केला' असं लिहिलं असेल तर ते वाईट. बर्लिनहून मला इंग्रजीत एक प्रेमळ पत्र मिळालं. एस्लिंगेनहून दोन पानी जर्मन त्सॉइग्निस, कानशीपासून शेवटच्या जिगपर्यंत (काम करताना भाग पकडून ठेवणारा साचा) प्रत्येक काम नोंदलेलं. पुढे जर्मन कंपनीत अर्ज केला तेव्हा त्यांनी हे एस्लिंगेनचंच मागितलं.

शेवटच्या शुक्रवारी मास्टरांनी हात पुढे करून स्वतःचं पहिलं नाव सांगितलं. म्हणजे आता 'डू' म्हण. तिकडे हे थोरल्याने द्यायचं असतं, धाकट्याने घ्यायचं. बर्लिनमध्ये सगळे पहिल्या दिवसापासून 'डू' होते, म्हणून त्याचं वजन मला तोवर माहीत नव्हतं. माझ्या तोंडून ते निघेना. वडिलांच्या मित्राला अचानक अरे-तुरे करायला सांगावं तसं झालं. त्यांनी मात्र माझं नाव घेतलं, मराठी 'ळ'सकट, जवळजवळ बरोबर.

तुमच्यापुढे दोन पत्रं असतील तर पगार आणि शहर बघून झाल्यावर फोनवर एक प्रश्न नक्की विचारा: दुपारी जेवताना टेबलावर कोणती भाषा असते? बर्लिनच्या प्रयोगशाळेने मला लगेच सांगितलं होतं, इंग्रजी, अजिबात काळजी नको. एस्लिंगेनच्या कारखान्यातून फोनवर असलेल्या बाईंना प्रश्न आधी समजला नाही. मग त्या म्हणाल्या, "श्वेबिश. चालेल ना तुम्हाला?"